शुगर, शुक्रजंतू आणि अँटिऑक्सिडंटची कॅप्सूल

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराचा प्रश्न आहे. वय 33, पाच वर्षांपासून टाइप-2 डायबेटिस, एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) 9.6. लग्नाला तीन वर्षं झाली, मूल नाही. पत्नी 29 वर्षांची. वीर्याच्या रिपोर्टमध्ये प्रमाण 0.9 मिलि, शुक्रजंतू मिलिलिटरला 1.4 कोटी, पुढे सरकणारे 18 टक्के. तंबाखू-चुना दिवसातून पाच-सहा वेळा. हातात अँटिऑक्सिडंट कॅप्सूलची चिठ्ठी आहे, महिन्याला दीड हजाराच्या वर खर्च. मधुमेहामुळे पुरुषाच्या प्रजननक्षमतेचं होणारं नुकसान अँटिऑक्सिडंट भरून काढतात असं त्यांनी वाचलंय. हे खरं का, आणि कॅप्सूल किती दिवस घ्यायची, असं विचारतात.

वाचलंय ते खोटं नाही, पण ते बहुतेक उंदरांबद्दल आहे. प्रयोगशाळेत उंदराला स्ट्रेप्टोझोटोसिन नावाचं औषध टोचतात. त्याने स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मरतात आणि साखर तीनशे-चारशेच्या वर जाते. काही आठवड्यांत त्या उंदराचे वृषण आकसतात, शुक्रजंतू घटतात, टेस्टोस्टेरॉन खाली येतं. काही उंदरांना पहिल्याच दिवसापासून मेलाटोनिन, क्वर्सेटिन, हळदीतलं कर्क्युमिन, द्राक्षबियांचा अर्क असं काहीतरी दिलं की त्यांच्यात नुकसान कमी दिसतं. असे पेपर ढिगाने आहेत आणि त्यातलं जीवशास्त्र पक्कं आहे. पण त्या उंदराला इन्सुलिन दिलेलं नसतं. तो तंबाखू खात नाही, त्याला पाच वर्षांचा आजार नसतो, आणि नुकसान व्हायच्या आधीच त्याचं औषध सुरू झालेलं असतं. तुमचं तसं नाही.

आधी नुकसान कसं होतं ते बघू, म्हणजे पुढचा सल्ला पटेल.

रक्तातली साखर सतत जास्त राहिली की पेशीतल्या मायटोकाँड्रियावर, म्हणजे ऊर्जा तयार करणाऱ्या भागावर, जास्तीचा भार येतो आणि तिथून सुपरऑक्साइडसारखे फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू, प्रमाणाबाहेर सुटू लागतात. मायकेल ब्राउनली या अमेरिकन संशोधकाने 2001 साली मांडलं की डोळे, किडनी, नसा यांचं मधुमेहात होणारं नुकसान ज्या वेगवेगळ्या वाटांनी होतं, त्या सगळ्यांचं मूळ या एका ठिकाणी आहे. वृषणांनाही हेच लागू पडतं. शिवाय जास्तीची साखर सॉर्बिटॉलमध्ये बदलताना पेशीचं एनएडीपीएच नावाचं जे रसायन खर्च होतं, तेच ग्लुटाथिऑन हे शरीराचं स्वतःचं अँटिऑक्सिडंट पुन्हा ताजं करायला लागतं. म्हणजे हल्लाही वाढतो आणि संरक्षणाची रसदही तुटते. तिसरं म्हणजे साखर प्रथिनांना चिकटते. तुमचा एचबीए1सी हा हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेचाच हिशेब आहे; तशीच ती वृषणातल्या, नसांतल्या, रक्तवाहिन्यांतल्या प्रथिनांनाही चिकटते आणि त्यातून पुढे जे पदार्थ बनतात ते सूज आणि आणखी फ्री रॅडिकल्स वाढवतात.

शुक्रजंतू या माऱ्यापुढे फार दुबळा असतो. त्याच्या आवरणात असंतृप्त चरबी भरपूर, ती चटकन खवट होते. शरीर आटोपशीर ठेवण्याच्या नादात त्याने पेशीरस जवळजवळ टाकून दिलेला असतो, त्यामुळे संरक्षक एन्झाइम ठेवायला जागाच नाही. आणि डीएनए तुटला तर तो स्वतः दुरुस्त करू शकत नाही. जास्त ऑक्सिजनमध्ये ठेवलेले मानवी शुक्रजंतू हालचाल गमावतात हे जॉन मॅक्लाउड यांनी 1943 सालीच दाखवलं होतं.

माणसांतला पुरावा थोडा आहे, पण लक्षात ठेवण्याजोगा आहे. बेलफास्टमधल्या संशोधकांनी 2007 साली मधुमेही आणि मधुमेह नसलेल्या पुरुषांचं वीर्य तपासलं. संख्या, हालचाल, आकार दोन्हीकडे जवळपास सारखेच. मुख्य फरक दोन: मधुमेहींत वीर्याचं प्रमाण कमी, आणि शुक्रजंतूंचा तुटलेला डीएनए बराच जास्त, साधारण अर्धा, दुसऱ्या गटात एक तृतीयांशाच्या आसपास. म्हणजे साधा रिपोर्ट नॉर्मल आला तरी आत नुकसान असू शकतं. हे आकडे घेऊन कोणी स्वतःच्या डीएनए फ्रॅगमेंटेशनच्या रिपोर्टशी ताडून बघू नये. त्यांची पद्धत वेगळी होती आणि प्रत्येक पद्धतीची मोजपट्टी वेगळी असते. ही महागडी टेस्ट मी पहिल्या फेरीत सांगतही नाही. वारंवार गर्भपात झाले असतील किंवा उपचार पुन्हा पुन्हा फसले असतील तर तिचा उपयोग.

आता कॅप्सूलकडे येऊ. फ्री रॅडिकल्समुळे नुकसान होतं, म्हणून ते शोषणारी गोळी घेतली की नुकसान थांबेल, हा तर्क ऐकायला सरळ वाटतो. माणसांवर नीट चाचण्या झाल्या तेव्हा तो टिकला नाही. 2020 साली अमेरिकेत 2,370 जोडप्यांची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. पुरुषांना सहा महिने रोज 30 मिलिग्रॅम झिंक आणि 5 मिलिग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड, किंवा तशीच दिसणारी रिकामी गोळी. मूल होण्याचं प्रमाण एका गटात 34 टक्के, दुसऱ्यात 35. वीर्याची गुणवत्ता सुधारली नाही. उलट खऱ्या गोळीवाल्यांत तुटलेला डीएनए किंचित जास्त निघाला आणि पोटाच्या तक्रारीही जास्त. त्याच वर्षी दुसऱ्या एका चाचणीत व्हिटॅमिन सी, व्हिटॅमिन इ, सेलेनियम, कार्निटिन, झिंक, फॉलिक अ‍ॅसिड, लायकोपीन असं सगळं एकत्र देऊन बघितलं. आपल्याकडच्या कॅप्सूलमध्ये जवळजवळ हीच यादी असते. तिथेही रिकाम्या गोळीपेक्षा फायदा दिसला नाही. या चाचण्या खास मधुमेहींच्या नव्हत्या, हे मान्य. पण कॅप्सूल विकणाऱ्यांकडेही मधुमेही पुरुषांना मूल झाल्याची मोठी, नीट केलेली चाचणी नाही. कॉक्रेनच्या आढाव्यात, म्हणजे जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अहवालात, 'फायदा असू शकेल' असं म्हटलंय आणि लगेच पुढे पुराव्याचा दर्जा हलका असल्याचंही. मी त्या वाक्याचा दुसरा भाग जास्त गांभीर्याने घेतो.

असं का होतं? एक कारण असं की शुक्रजंतूला थोडे फ्री रॅडिकल्स लागतातच. बीजात शिरण्याआधी त्याच्यात जो बदल व्हावा लागतो, तो त्यांच्याशिवाय होत नाही. सगळेच पुसून टाकले तर तेही वाईट. दुसरं कारण तुमच्या बाबतीत मोठं आहे. 9.6 एचबीए1सी ठेवून कॅप्सूल खाणं म्हणजे मोटर चालू ठेवून वाफ्यात तुंबलेलं पाणी तांब्याने उपसणं आहे. फ्री रॅडिकल्स जिथून तयार होतायत तो कारखाना चोवीस तास सुरू आहे आणि कॅप्सूल दिवसातून एकदा.

या गोळ्या निरुपद्रवी आहेत असंही समजू नका. सेलेनियमचंच बघा. अमेरिकेतल्या एका दीर्घ चाचणीत रोज 200 मायक्रोग्रॅम सेलेनियम घेणाऱ्यांत टाइप-2 डायबेटिस जास्त झाल्याचं 2007 साली दिसलं. मधुमेहाच्या रुग्णाला मधुमेह वाढवू शकणारं औषध अँटिऑक्सिडंट म्हणून द्यायचं, हे मला पटत नाही. व्हिटॅमिन इ 400 युनिट रोज वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर 17 टक्के जास्त आढळल्याचं 2011 साली प्रसिद्ध झालं. ती चाचणी 35 हजारांहून जास्त पुरुषांची होती. झिंक फार दिवस जास्त घेतलं तर शरीरातलं तांबं कमी होतं. व्हिटॅमिन सीचे मोठे डोस घेतले तर काही ग्लुकोमीटर साखर खोटी जास्त दाखवतात, आणि त्या आकड्यावर इन्सुलिन वाढवलं तर पंचाईत. बायोटिन असलेल्या गोळ्या थायरॉइड आणि टेस्टोस्टेरॉनच्या रिपोर्टमध्ये घोळ घालतात, म्हणून रक्त द्यायच्या आधी दोन-तीन दिवस त्या बंद ठेवाव्या लागतात.

रुग्ण आला की मी सगळ्या स्ट्रिपा टेबलावर काढायला सांगतो आणि मागची बारीक छपाई त्याच्याच समोर वाचतो. बहुतेक वेळा तीन वेगळ्या नावांखाली तेच घटक निघतात: एक शुगरवाल्या डॉक्टरांनी नसांसाठी दिलेली, एक वंध्यत्वाच्या डॉक्टरांची, एक मेडिकलवाल्याने 'ताकदीसाठी' पुढे केलेली. सेलेनियम तिन्हींत. बेरीज कोणीच केलेली नसते.

मग कॅप्सूल फेकून द्यायची का? नाही. साखर खाली यायला लागली असेल तर तीन महिने, साधी रचना असलेली एकच गोळी, सेलेनियम कमी किंवा शून्य, याला माझी हरकत नसते. कोएन्झाइम क्यू10 आणि कार्निटिनने हालचाल थोडी सुधारल्याचं छोट्या चाचण्यांत दिसतं. तीन महिने अशासाठी की शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात आणि बाहेर यायला आणखी थोडे दिवस. रिपोर्टमध्ये फरक नसेल तर बंद. महिन्याच्या दीड हजारात ग्लुकोमीटरच्या पट्ट्या येतात, आणि आज तुम्हाला त्यांची गरज जास्त आहे.

तुमच्या रिपोर्टमध्ये मला सगळ्यात आधी दिसलं ते 0.9. कॅप्सूलच्या चिठ्ठीत याचा कुठेच विचार दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेप्रमाणे प्रमाणाची खालची मर्यादा 1.4 मिलि, संख्येची मिलिलिटरला 1.6 कोटी, पुढे सरकणाऱ्यांची 30 टक्के. या मर्यादा पास-नापासच्या नाहीत. वर्षभरात ज्यांच्या घरी गर्भ राहिला त्या पुरुषांतली ती तळाची पाच टक्क्यांची रेघ आहे. संख्येत तुम्ही रेघेच्या जरासे खाली आहात. प्रमाणात बरेच खाली, आणि मधुमेह्यात कमी प्रमाण दिसलं की एक शंका घ्यावीच लागते: वीर्य पुढे येण्याऐवजी मागे मूत्राशयात जातंय का? मधुमेहाने मूत्राशयाच्या तोंडाशी असलेल्या नसा सुस्तावल्या की तिथली झडप वेळेवर आवळत नाही. वीर्यपतनाची जाणीव होते, बाहेर येतं ते थोडंसं, आणि नंतरची लघवी गढूळ दिसते. असं होतं का, हे पुढच्या भेटीत न लाजता सांगा. तपासणी स्वस्त आहे: आधी लघवी करून मूत्राशय रिकामं करायचं, मग सँपल द्यायचं, आणि लगेच पुन्हा लघवी करून ती लॅबला द्यायची. त्यात शुक्रजंतू दिसले की निदान झालं. काहींना औषधाने झडप आवळायला मदत होते. नाही झाली तर लघवीची आम्लता औषधाने कमी करून त्यातून शुक्रजंतू वेगळे काढता येतात आणि उपचारात वापरता येतात. या अडचणीवर अँटिऑक्सिडंट कितीही गिळली तरी उपयोग शून्य. लघवी मोकळी व्हावी म्हणून टॅमसुलोसिन किंवा सिलोडोसिन चालू असेल तर तेही सांगा, त्यांनीही हेच होतं.

अर्थात सँपल अर्धं सांडलं असेल तरीही 0.9 येतं. सुरुवातीचा थेंब सगळ्यात मोलाचा, त्यातच शुक्रजंतू जास्त असतात. तो डबीबाहेर गेला तर अख्खा रिपोर्ट चुकतो. म्हणून एका रिपोर्टवर काही ठरवू नका. संबंधाला किंवा हस्तमैथुनाला दोन ते सात दिवसांचा खंड हवा, आणि सँपल तासाभरात लॅबमध्ये पोचायला हवं. शक्यतो लॅबच्याच खोलीत द्या. निफाडची थंडी तुम्हाला मी सांगायला नको. जानेवारीत पारा चार-पाच अंशांवर असताना मोटारसायकलच्या डिकीत डबी ठेवून नाशिकला आणली, तर हालचाल 18 टक्के दिसली याचं मला नवल वाटणार नाही. घरून आणायचंच असेल तर डबी आतल्या खिशात, अंगाला लागून.

पुढची तपासणी टेस्टोस्टेरॉनची: सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी, आणि कमी आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. सोबत एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन ही मेंदूतल्या ग्रंथीची हार्मोन्स. टाइप-2 असलेल्या पुरुषांत, विशेषतः पोट सुटलेल्यांत, टेस्टोस्टेरॉन कमी असणं अगदी नेहमीचं आहे. इथे एक गोष्ट ठळक सांगतो. टेस्टोस्टेरॉन कमी आलं म्हणून कोणी त्याचं इंजेक्शन किंवा जेल देऊ केलं, तर मूल हवं असेपर्यंत घेऊ नका. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदू वृषणांना आदेश देणं थांबवतो आणि शुक्रजंतू शून्यावर येऊ शकतात. परत यायला कित्येक महिने लागतात. जिममध्ये मिळणाऱ्या इंजेक्शनांचंही तेच. मूल हवं असणाऱ्यांसाठी वेगळी औषधं आहेत, ती तज्ज्ञाने ठरवायची. ताठरतेची तक्रार असेल तर तीही सांगा. फ्री रॅडिकल्स रक्तवाहिन्या सैल करणारं नायट्रिक ऑक्साइड खाऊन टाकतात, म्हणून मधुमेह्यांत ती लवकर येते. तिच्याबरोबर हृदयाची तपासणीही करायची असते. 'शक्तिवर्धक' पुड्यांपासून लांब राहा. अशा पुड्यांत सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, मिसळलेलं सापडतं, आणि धातूंची भस्मं असतील तर त्यातलं शिसं शुक्रजंतूंनाच मारक.

आता मोटर बंद करण्याबद्दल, म्हणजे साखर उतरवण्याबद्दल. एचबीए1सी सातच्या आत आणायचा आहे, पण एकदम नाही. आधी डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. पडद्यावर आधीच बदल असतील तर साखर झपाट्याने उतरल्यावर ते काही काळ बिघडू शकतात. मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीबद्दल 2022 मध्ये डेन्मार्कमधून एक भीती पसरली होती, की वडिलांनी ती घेतली तर बाळात जन्मजात दोष वाढतात. 2024 मध्ये नॉर्वे आणि तैवानच्या मोठ्या नोंदी तपासल्या तेव्हा तसं आढळलं नाही. स्वतःहून बंद करू नका. फक्त वर्षाकाठी बी12 बघून घ्या, मेटफॉर्मिनने ते उतरतं. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या चालू असतील तर लिंगाच्या टोकाला खाज-लाली येते का बघा, बुरशीचा संसर्ग होतो आणि तो दोघांत फिरत राहतो.

तंबाखू सोडा. यावर लांबण लावत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे, चुन्याबरोबर मळलेल्या तंबाखूवर नाही. शुक्रजंतूला दोन्ही सारखेच.

फवारणीबद्दल मात्र बोलायला हवं, कारण तुम्ही बागेत स्वतः पंप घेऊन उतरता. कीटकनाशकांतली बरीच रसायनं हाच ऑक्सिडेटिव्ह ताण, म्हणजे फ्री रॅडिकल्सचा भार, वाढवतात, आणि फवारणी करणाऱ्या पुरुषांत वीर्य कमजोर आढळल्याची निरीक्षणं अनेक देशांतून आली आहेत. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे, आणि काम संपल्यावर लगेच अंघोळ. तेच कपडे घरात धुवायला टाकू नका. छाटणीनंतर वेलीचे डोळे (कोंब) फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावताना उघड्या हाताने लावणारे मी पाहिलेत. त्या दिवसांत दारू तर अजिबात नको, त्याची दारूशी जी रिअ‍ॅक्शन येते ती झोपवून टाकते. जमलं तर पुढचे तीन-चार महिने फवारणीचं काम दुसऱ्याकडून, पण त्यालाही मोजे-मास्क देऊन करून घ्या.

खाण्याचा प्रश्न येतोच, आणि नाशिकमध्ये तो जरा गमतीचा आहे. अँटिऑक्सिडंटच्या पेपरांत ज्यांचे गुण गायलेले असतात ते सगळं आपल्याच जिल्ह्यात पिकतं: लासलगावच्या बाजारातल्या कांद्यात क्वर्सेटिन, पिंपळगावच्या टोमॅटोत लायकोपीन, सटाण्याकडच्या डाळिंबात पॉलिफेनॉल, आणि तुमच्या द्राक्षाच्या सालीत रेस्व्हेराट्रॉल. कांदा-टोमॅटो रोज खा. टोमॅटो तेलात शिजला की लायकोपीन अंगाला जास्त लागतं, तेव्हा आपली भाजी कोशिंबिरीपेक्षा बरी. आवळा, पालेभाज्या, मूठभर शेंगदाणे किंवा अक्रोड, जवसाची चटणी, हे सगळं चालेल. रेस्व्हेराट्रॉलच्या नावाखाली मात्र घड संपवू नका. शंभर ग्रॅम द्राक्षांत सोळा-सतरा ग्रॅम साखर असते, आणि संशोधनात वापरतात तेवढं रेस्व्हेराट्रॉल मिळवायचं तर किलोंनी खावी लागतील. जेवणानंतर दहा-बारा मणी, रसाऐवजी अख्खी. वाइनचं कारण तर सांगूच नका. मिसळ महिन्यातून एकदा, एका पावाबरोबर, मोड आलेली मटकी जास्त आणि तर्री कमी.

डॉक्टरांकडून वृषणांचीही हाताने तपासणी करून घ्या. शिरा फुगलेल्या, म्हणजे व्हेरिकोसील, असतील तर तोही ऑक्सिडेटिव्ह ताणच वाढवतो, आणि छोट्या शस्त्रक्रियेने सुधारतो. आणि पत्नीच्या तपासण्या आत्ताच, तुमच्याबरोबरच सुरू करा: बीज फुटतं का, थायरॉइड, गर्भनलिका. तीन वर्षं झालीत, तेव्हा 'आधी नवऱ्याची शुगर उतरू दे' म्हणून त्यांना थांबवण्यात अर्थ नाही. साखर, तंबाखू आणि फवारणी या तिन्हींवर काम सुरू केल्यापासून तीन महिन्यांनी वीर्याचा दुसरा रिपोर्ट, त्याच लॅबमध्ये, लघवीच्या सँपलसह. तोवर गर्भ राहिला नाही तर दोघांचे रिपोर्ट एकत्र घेऊन आयव्हीएफच्या तज्ज्ञांकडे जा, आणि तुमचा शेवटचा एचबीए1सी त्या फाइलमध्ये सगळ्यात वर लावा.